गॅफरला न सांगितलेले तीन आठवडे

गॅफर,

गेल्या गुरुवारी क्लबने मला काढून टाकलं. सोळा वर्षं मी मॅनेजर, म्हणजे पोरांच्या भाषेत गॅफर होतो, तुमच्यापेक्षा बरीच जास्त, आणि तरी बातमी कळल्यावर सगळ्यात आधी तुम्हाला सांगावं असं वाटलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. सांगायला आला होता तो आपला राइट-बॅक. तोच, मागे उजवी बाजू सांभाळायची सोडून, बॉल कुठेही असला तरी पुढे पळत सुटणारा. आता तो चाळिशीचा आहे, क्लबचा अध्यक्ष आहे, आणि कपाळावरचे केस मागे गेलेत. त्याने कसं सांगितलं ते पुढे लिहीन. त्याआधी बरंच काही आहे, आणि ते क्रमाने सांगितलं नाही तर मला शेवटपर्यंत पोचता येणार नाही.

मी हे मराठीत लिहितोय. तुम्हाला यातलं एक अक्षर कळलं नसतं. मी आईशी फोनवर बोलायला लागलो की तुम्ही म्हणायचात, पेनल्टीवरून भांडण चाललंय असं वाटतं. इंग्रजीत लिहून पाहिलं, पण दोन ओळींत ते क्लबच्या पत्रकासारखं दिसायला लागलं. शिवाय इंग्रजीत तुम्हाला, रेफ्रीला आणि शेजारच्या कुत्र्याला एकच 'यू'. मराठीत मला ठरवावं लागतं. मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणतोय आणि तुम्ही मला 'तू' म्हणताय असं धरून चाललोय. इंग्रजीत बोलतानाही माझ्या कानाला ते तसंच ऐकू यायचं.

तुम्हाला आठवतं का माहीत नाही, पहिल्यांदा आपण बोललो ते भिंतीवरून. आम्ही आयर्लंडमध्ये, एनिसला राहायला येऊन चार-पाच महिने झाले होते. मी रोज जवळच्या शॅननला कंपनीत जायचो, दिवसभर कोड लिहायचो, संध्याकाळी परत. मुलगी सात महिन्यांची होती आणि प्रॅमशिवाय झोपायची नाही, म्हणून जेवणाआधी मी तिला फिरवायला बाहेर काढायचो. मैदानाच्या कमरेएवढ्या भिंतीशी आलं की माझे पाय थांबायचे. मंगळवारी आणि गुरुवारी तुमची प्रॅक्टिस असायची. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एक पोस्टमन, हॉस्पिटलमधला पोर्टर, कॉलेजातली दोन-तीन पोरं, सगळे दिवसभराचं काम संपवून आलेले. त्यांच्यामध्ये तुम्ही, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेले, हात पाठीमागे. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही सरळ भिंतीपाशी आलात आणि विचारलंत, "तू कौन्सिलचा माणूस आहेस का? तीन आठवडे बघतोयस."

मी म्हटलं, "नाही. तुमचा राइट-बॅक फार लवकर पुढे जातो."

"ते मला माहीत आहे," तुम्ही म्हणालात. "त्याला सांगून बघ." आणि मग प्रॅमकडे बघून, "तिला घेऊनच आत ये. फाटक त्या बाजूला आहे."

कुठून आलास विचारलंत, मी भारत म्हटलं, तुम्ही म्हणालात, मग क्रिकेट. मी म्हटलं, कोल्हापूरचा आहे. त्याने तुम्हाला काहीच कळलं नाही, म्हणून मी समजावून सांगितलं: आमच्या गावात एकेका पेठेची, एकेका तालमीची टीम असते, मॅचला अख्खी पेठ येते, हलगी वाजते, आणि हरलेली पेठ दोन दिवस नीट जेवत नाही. मी तालमीच्या दुसऱ्या फळीत खेळायचो. पळायला हळू होतो पण मैदान कळायचं. तुम्ही हे सगळं टोपी काढून ऐकलंत. तुमच्या तोंडावर असा भाव होता की आपलं गाव जगात आणखी एका ठिकाणी आहे हे आत्ताच कुणीतरी सांगितलं. पुढच्या मंगळवारी तुम्ही माझ्या हातात प्लॅस्टिकचे कोन दिलेत आणि म्हणालात, दर दहा पावलांवर एक. असा मी तुमचा असिस्टंट झालो. कुणी नेमणूक केली नाही, कुणी विचारलंही नाही.

तुमची कहाणी मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बाहेरगावच्या मॅचला जाताना, तुमच्या गाडीत. तुम्ही स्टिअरिंगवर, मी बाजूला, मागे शर्टांची पिशवी आणि बॉलची जाळी. इंग्लंडच्या उत्तरेला, बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या गावात तुम्ही वाढलात. सोळाव्या वर्षी क्लबने उमेदवार म्हणून घेतलं; म्हणजे सकाळी सीनियर खेळाडूंचे बूट घासायचे, दुपारी स्टँड झाडायचा आणि मधल्या वेळात फुटबॉल. अठराव्या वर्षी पहिली मॅच. मग तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनमध्ये अकरा वर्षं लेफ्ट-बॅक. टीव्हीवर कधी न दिसणारा, पण त्यावरच पोट भरणारा फुटबॉलर. "गावात मला लोक ओळखायचे," तुम्ही म्हणायचात, "पण बसचं तिकीट काढावं लागायचं." तिशीला गुडघा गेला. डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरला आणि काही न बोलता परत पाकिटात घातला, ते तुम्ही हाताने करून दाखवायचात. त्यानंतर दोन वर्षं ब्रेडची व्हॅन चालवलीत. आणि मग एका नॉन-लीग क्लबने बोलावलं.

नॉन-लीग म्हणजे काय ते मी माझ्या वडिलांना फोनवर समजावून सांगितलं होतं: इंग्लंडात मोठ्या लीगच्या खाली शेकडो छोटे क्लब असतात, तिथले खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि शनिवारी खेळतात, आणि मॅनेजर सगळंच करतो. तुम्ही ड्रेसिंग रूम झाडायचात, तुमच्या बायकोने अकरा जणांचे शर्ट घरच्या मशीनमध्ये धुतले. तिसऱ्या वर्षी तुम्ही तो क्लब एक पायरी वर नेलात. मग दुसऱ्या क्लबने नेलं आणि तिथल्या अध्यक्षाने, त्याचं टायरचं दुकान होतं, तुम्हाला मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये काढलं. मॅचच्या आधी तासभर. नवा मॅनेजर त्याच्याच गाडीत पुढच्या सीटवर बसला होता, इंजिन चालू होतं. तुम्ही ही गोष्ट हसत सांगायचात, "निदान हीटर तरी लावला होता, बिचाऱ्याला थंडी वाजली नसेल." पण सांगताना तुमची गाडी दर वेळी हळू व्हायची. मी ते बघितलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

सासूबाई आजारी पडल्या म्हणून तुम्ही बायकोच्या गावी, एनिसला आलात आणि राहिलात. शाळेत केअरटेकरची नोकरी धरलीत, आणि क्लेअर परगण्यातल्या छोट्या क्लबांच्या लीगमधली ही आपली टीम.

तुमचं स्वयंपाकघर मला माझ्या आईच्या स्वयंपाकघराइतकं पाठ आहे. ओट्याजवळचं टेबल, त्यावर निळ्या चौकड्यांचा मेणकापडाचा टेबलक्लॉथ. रविवारी दुपारी मी यायचो. तुम्ही अंड्यांचे कप, मीठ, मिरपूड, मार्मालेडची बरणी मांडून मॅच पुन्हा खेळायचात. मोहरीची बाटली कायम सेंटर-हाफ. तुमच्या बायकोला जेवायला मोहरी लागायची आणि तुम्ही म्हणायचात, थांब, आत्ता कॉर्नर आहे. पहिल्याच रविवारी त्या मला म्हणाल्या होत्या, कप काढ ना, प्रेसमध्ये आहेत. मी खोलीभर इस्त्री शोधत होतो. इथे कपाटाला प्रेस म्हणतात हे मला कोण सांगणार. तुम्ही खुर्चीत मागे रेलून इतके हसलात की खोकला लागला, आणि मग म्हणालात, "मलाही वर्ष लागलं." एकदा माझ्या बायकोने तांबडा रस्सा करून दिला. तुम्ही घाम पुसत पुसत वाटी संपवलीत, दुसरी घेतलीत, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून तिला सांगितलंत की तुमच्या गुडघ्याला फरक पडलाय.

आता तो दिवस. आपला गोलकीपर, हॉस्पिटलमधला पोर्टर, छत्तीस-सदतीस वर्षांचा शांत माणूस. कपची मॅच, एक-एक, शेवटची पाच मिनिटं. साधा लांबून आलेला बॉल त्याच्या हातातून निसटला आणि आत गेला. आपण हरलो. ड्रेसिंग रूममध्ये सगळे मान खाली घालून बसले होते, चिखलाचा आणि मलमाचा वास. माझ्या डोक्यात काय शिरलं होतं ते आजही कळत नाही. मी त्याच्यापुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "अकरा जणांनी नव्वद मिनिटं केलेलं काम तू एका सेकंदात घालवलंस." तो बुटाची नाडी सोडत होता. सोडतच राहिला.  तुम्ही दाराशी उभे होतात. मला तर वाटलं, मी बरोबर केलं, कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

सगळे गेल्यावर तुम्ही मला मैदानावर नेलंत. त्याच गोलपोस्टपाशी. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "बॉल सुटला हे त्याला तुझ्याआधी कळलं. मग तू त्याला नवीन काय सांगितलंस?"

मी गोलपोस्टवरचा चिखल नखाने खरवडत राहिलो.

"एकोणिसाव्या वर्षी माझ्यामुळे एक गोल झाला," तुम्ही म्हणालात. "मॅनेजरने मला सगळ्यांसमोर बाकावर उभं केलं आणि म्हणाला, नीट बघून घ्या याला. मी अकरा वर्षं खेळलो, त्यातली दोन वर्षं मला बॉल आपल्याकडे यायलाच नको असायचा. लेफ्ट-बॅक होतो मी, आणि मनात म्हणायचो, उजवीकडून खेळा. कुणाला कळलं नाही. दोन वर्षं." मग तुम्ही जाळी काढायला लागलात, मी दुसऱ्या बाजूने. तुम्ही म्हणालात, "सोमवारी त्याच्याकडे जा. घरी नको. कामावर जा. तू चारचौघांत बोललास, माफीही चारचौघांत माग."

मी सोमवारी अर्धा दिवस रजा टाकली. हॉस्पिटलच्या त्या लांब कॉरिडॉरमध्ये तो रिकामी व्हीलचेअर ढकलत येत होता, बरोबर आणखी दोन पोर्टर. मी पाठ करून आलेली वाक्यं विसरलो. एवढंच म्हणालो की शनिवारी मी जे बोललो ते चुकीचं होतं आणि मला लाज वाटते. त्याने माझ्याकडे बघितलं, सोबत्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे, ग्रँड आहे रे." इथे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात. आणि मग, "चहा घेणार? कँटीनमधला वाईट असतो." आम्ही वाईट चहा घेतला. तो पुढे चार वर्षं आपल्यासाठी खेळला. माझ्यावर एवढ्या लोकांनी उपकार केलेत, पण मला सुधारायला लावून वर मान खाली घालू दिली नाही असे दोघंच, तुम्ही आणि तो.

त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही मला दिलेली भेट. कपच्या उपांत्यपूर्व फेरीत हाफ-टाइमला आपण एक गोलने मागे. सगळे आत चालले आणि तुम्ही दारापाशी थांबलात. म्हणालात, "आज तू बोल." मी म्हटलं, माझं इंग्रजी त्यांना अर्धं कळत नाही. "म्हणून छोटी वाक्यं बोल. सात मिनिटं आहेत. पहिली तीन त्यांची, त्यांना दम घेऊ दे. दोनच गोष्टी सांग. तिसरी सुचली तर गिळ." आणि तुम्ही माझ्यामागे दार बंद केलंत. खिडकीतून मला दिसत होतं, तुम्ही बाहेर भुरभुर पावसात कागदी कप धरून उभे होतात, आमच्याकडे पाठ करून. मी तीन मिनिटं गप्प बसलो, मग दोन गोष्टी सांगितल्या. त्यातली एक राइट-बॅकला: दुसऱ्या हाफमध्ये पहिली वीस मिनिटं तू मधली रेघ ओलांडायची नाहीस. तो म्हणाला, "आणि मग?" मी म्हटलं, "मग तुला वाटेल तसं." तो एकविसाव्या मिनिटाला सुटला आणि आपण दोन-एक जिंकलो. कोल्हापुरात मी कधी पहिल्या टीममध्ये खेळलो नाही. त्या दिवशी एनिसमध्ये खेळलो असं मला वाटलं. गाडीत तुम्ही त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत, पण घरी सोडताना हॉर्न दोनदा वाजवलात.

मग पाचवं वर्ष. तुम्हाला त्याची आठवण करून द्यायची गरज नाही. दोन सीझन आपण खालून दुसरे. पोरं कामाला ऑस्ट्रेलियाला गेली, पोस्टमनचा गुडघा गेला, तुमचाही स्वभाव जरा चिडचिडा झालेला. तेव्हाचे अध्यक्ष, हार्डवेअरवाले, मला सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये भेटले. माझ्या एका हातात कांद्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मुलीचा हात. ते म्हणाले, गॅफर थकलाय, आम्हाला बदल करायचाय, सीझन संपला की. तू घेशील का? आणि अजून कुणाला बोलू नकोस. मी विचार करून सांगतो म्हटलं. दोन दिवसांनी फोन केला आणि हो म्हणालो.

ते तुम्हाला सांगणार, त्याला अजून तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत तीन रविवार आले. तिन्ही रविवारी मी तुमच्या स्वयंपाकघरात आलो. तुम्ही अंड्यांचे कप मांडून पुढच्या सीझनची टीम ठरवत होतात. लिमरिकजवळच्या एका पोराला आणायचं, राइट-बॅकला मध्ये खेळवून बघायचं. माझं मत विचारत होतात आणि मी देत होतो. हे मला सगळ्यात जास्त सलतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, पण मी मत देत होतो, मिरपुडीची बाटली इकडून तिकडे सरकवत होतो. तिसऱ्या रविवारी तुम्ही म्हणालात, "आज बोलत नाहीस फारसा." मी म्हटलं, ऑफिसात त्रास आहे. तुमच्या बायकोने माझ्यापुढे केकचा आणखी एक तुकडा ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी तुमचा फोन आला. "मला मोकळं केलं," तुम्ही म्हणालात. "तुला विचारतील. घे." मी म्हणालो, "मला काहीच माहीत नव्हतं." हे वाक्य मी इंग्रजीत बोललो होतो, आणि मराठीत लिहितानाही ते तितकंच स्वच्छ खोटं दिसतंय.  मागे तुमच्याकडे नळ वाहत होता. मग म्हणालात, "ग्रँड," आणि फोन ठेवलात. इंग्लंडचा माणूस, आयुष्यभर तो शब्द वापरला नव्हतात. थट्टा करायचात तुम्ही त्याची, इथल्या लोकांचा पाय मोडला तरी ग्रँड म्हणतात म्हणून.

दोन वर्षांनी तुम्ही आजारी पडलात, आणि ते भराभर गेलं. मी तीनदा येऊन गेलो. पहिल्या दोन वेळी लोक होते. तिसऱ्या वेळी मँचेस्टरहून आलेली तुमची मुलगी औषधं आणायला गेली होती आणि बायको वर झोपली होती. तुम्ही खिडकीजवळच्या पलंगावर. म्हणालात, "दाढी करून देशील? ती नर्स बटाटा सोलल्यासारखं करते." मी गरम पाणी आणलं, फेस लावला. कुणाची दाढी मी कधी केली नव्हती, माझ्या वडिलांचीही नाही. ते गेले तेव्हा मी इथे होतो. तुमची हनुवटी माझ्या बोटांत होती, कातडी सैल झालेली, आणि रेझरखाली तुम्हाला बोलता येत नव्हतं. सांगायला त्याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी काय सांगितलं? नव्या लेफ्ट-बॅकबद्दल सांगितलं. त्याचा डावा पाय बरा आहे, पण उजव्याने पास देत नाही. पंधरा मिनिटं मी लेफ्ट-बॅकबद्दल बोललो. टॉवेलने तोंड पुसल्यावर तुम्ही गालावरून हात फिरवलात, बरी झाली म्हणालात, आणि विचारलंत, "आणखी काही?"

मी म्हणालो, "नाही."

"बरं," तुम्ही म्हणालात. डोळे मिटलेत.

नऊ दिवसांनी तुम्ही गेलात. तुमची शवपेटी आपल्या पोरांनी उचलली, गोलकीपर पुढे डाव्या बाजूला होता. इंग्लंडहून तुमच्या वेळचे चार म्हातारे आले होते, सगळे थोडे लंगडत. त्यातला एक विंगर मला म्हणाला, "'हा गडी' म्हणायचं तर युअर मॅन म्हणतात ना इथे? तर हा युअर मॅन, लाथ मारून वर सॉरी म्हणणारा अख्ख्या डिव्हिजनमधला एकमेव लेफ्ट-बॅक." सगळे हसले, मीही हसलो, आणि मग मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

माझ्या सोळा वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही. एकदा वर गेलो, दोनदा खाली आलो. गोलकीपरांना मी कधी काही बोललो नाही. हाफ-टाइमला पहिली तीन मिनिटं त्यांची. माझी मुलगी, जी प्रॅममधून तुमच्या प्रॅक्टिसला यायची, ती आता एकवीस वर्षांची आहे. मी मराठीत विचारतो, ती क्लेअरच्या इंग्रजीत उत्तर देते. गेल्या वर्षी ती म्हणाली, बाबा, तू पोरांशी बोलत नाहीस हल्ली, त्यांच्यावर सुस्कारे टाकतोस. मला राग आला होता. पण दोन सीझन आम्ही खालून दुसरे होतो, आणि मला पोरांची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा येत होता, हेही खरं.

गुरुवारी राइट-बॅक आमच्या घरी आला. दाराशी बूट काढले, इतक्या वर्षांत त्याला ते माहीत झालंय. स्वयंपाकघरात बसला. माझी बायको चहा ठेवत होती, ती बाहेर जायला लागली तर तिला म्हणाला, तुम्हीही बसा. मग माझ्याकडे सरळ बघत म्हणाला, "आम्हाला बदल करायचाय. तुला शनिवारपासून मोकळं करतोय. सीझन मध्येच आहे, मला माहीत आहे, पण थांबून तुला खोटी आशा लावायची नाही."

मी विचारलं, "कोण घेणार?"

"कुणाला विचारलं नाही अजून," तो म्हणाला. "तुला कळायच्या आधी कुणाला विचारणं मला बरोबर वाटलं नाही."

कप हातात धरून मी बसून राहिलो. त्याला वाटलं, काढलं म्हणून मला लागलं. माझ्या बायकोलाही तसंच वाटलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "शनिवारी मॅच बघायला ये. तुझी जागा तुझीच आहे." जाताना दाराशी बूट घालायला त्याला वेळ लागला, नाड्या गुंतल्या होत्या, आणि मी वाकून त्याच्या खांद्याला धरलं. तो असा कसा झाला, मला कळत नाही. आपण दोघांनी मिळून त्याला एकच गोष्ट, थांबायला, शिकवायचा प्रयत्न केला होता, आणि ती तो शिकला नव्हता.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. तुमची बायको मुलीकडे मँचेस्टरला गेली, आणि थडग्यावर कागद ठेवायला मला लाज वाटेल. वाऱ्याने उडून कुणाच्या तरी कुंपणाला चिकटेल, आणि एनिसमध्ये मराठी वाचणारी आता पुष्कळ झालीत. टेबलाच्या खणात राहील.

तुम्हाला काढल्यावर नवा सीझन सुरू झाला, त्या पहिल्या शनिवारी तुम्ही मॅचला आला होतात. माझी मॅनेजर म्हणून पहिली मॅच. समोरच्या बाजूला रेलिंगपाशी उभे होतात, टोपी घालून, सगळ्यांना दिसाल असे. आम्ही गोल केला तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात, हातमोजे काढून, म्हणजे आवाज यावा. मॅच संपल्यावर मला म्हणालात, साठाव्या मिनिटाला डावीकडचा थकला होता, आणि चालत घरी गेलात. मी इतकी वर्षं ते सगळ्यांना सांगत आलोय, मोठा माणूस कसा असतो म्हणून. या शनिवारी मी बायकोला सांगितलं की टायरमध्ये हवा भरून येतो, आणि मैदानाच्या मागच्या गल्लीत गाडी लावली. भिंतीवरून अर्धं मैदान दिसतं. काच खाली केली नाही, गाडीतून उतरलो नाही. आपली पोरं दोन-शून्य जिंकली. त्या दिवशी टाळ्या वाजवताना तुमच्या मनात काय होतं, ते मला तुम्हाला विचारायचं होतं. माझ्या मनात, पूर्ण नव्वद मिनिटं, त्यांनी हरावं असं होतं.